‘तुम्ही मूळचे कुठले?’ : लिथुआनियाच्या लघुपटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी ओळखीच्या लोकांना घरी बोलावून बाल्टिक समुद्राकाठच्या लिथुआनियाचे लघुपट दाखवते. पंधरा-वीस मिनिटांची एखादी फिल्म संपते, दिवे लागतात, चहा येतो आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे उत्तरं एकदा नीट लिहून काढली. ओळख आणि आपलेपण हा या सगळ्या फिल्मांचा धागा आहे. आपल्याकडे पहिल्याच भेटीत विचारतात ना, ‘तुम्ही मूळचे कुठले?’, तोच हा प्रश्न. लिथुआनियात त्याचं उत्तर द्यायला मात्र बराच वेळ लागतो.

एवढ्याशा देशाच्या फिल्मांमध्ये ‘आपण कोण’ हा विषय इतक्या वेळा का येतो?

एक उदाहरण घ्या. समजा, १९१० साली विल्नियसमध्ये, म्हणजे आजच्या राजधानीत, एक मुलगी जन्मली आणि आयुष्यभर त्याच घरात राहिली. जन्माच्या वेळी तिच्यावर रशियाच्या झारची सत्ता होती. १९१५ मध्ये जर्मन सैन्य आलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या धामधुमीत शहर पोलंडकडे गेलं. १९३९ च्या ऑक्टोबरात ते लिथुआनियाला मिळालं, १९४० मध्ये सोव्हिएत आले, १९४१ मध्ये नाझी, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत. ११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा ती ऐंशी वर्षांची झाली असती. तिने उंबरठाही ओलांडला नाही, आणि तिचा देश मात्र इतक्या वेळा बदलला. शाळेची भाषा बदलली, रस्त्यांची नावं बदलली, कागदपत्रांवरचं तिच्या नावाचं स्पेलिंगही बदललं.

त्यात भाषेची गोष्ट आणखी वेगळी. १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षं झारच्या राजवटीत रोमन लिपीत लिथुआनियन भाषा छापायला बंदी होती. पुस्तकं शेजारच्या जर्मन प्रशियात छापली जात आणि रात्री सीमेवरून पाठीवर वाहून आणली जात. हे काम करणाऱ्यांना तिथे ‘क्निगनेशिस’ म्हणतात, म्हणजे पुस्तकं वाहणारा. पकडला गेला तर सायबेरिया, काही वेळा गोळीच. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पहिल्या वाचनाच्या पुस्तकासाठी जीव धोक्यात घातला, त्यांना ओळखीचा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. तो घरातला प्रश्न असतो.

लघुपट म्हणजे नेमका किती मिनिटांचा?

प्रत्येकाचा नियम वेगळा. कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत १५ मिनिटांपर्यंत चालतो, ऑस्करला ४० मिनिटांपर्यंत. या पानावर मी साधारण अर्ध्या तासाच्या आतबाहेरच्या फिल्मा धरल्या आहेत. दोन-तीन ठिकाणी ही मर्यादा मोडली आहे, कारण त्या फिल्मांशिवाय विषय अर्धवट राहिला असता.

सुरुवात कुठून करू?

रॉबर्तास व्हेर्बा यांच्या १९६५ च्या ‘म्हातारा आणि जमीन’पासून. विषय इतकाच की अनुप्रास नावाचा एक म्हातारा शेतकरी, त्याचं शेत, त्याची माणसं. पण त्या काळात माहितीपट म्हणजे सरकारी निवेदकाचा दमदार आवाज, ट्रॅक्टर आणि उत्पादनाचे आकडे. व्हेर्बांनी म्हाताऱ्यालाच बोलू दिलं, त्याच्या खेडवळ बोलीत, त्याच्या लयीत. कुणावर टीका नाही, घोषणा नाही. तरी पाहणाऱ्याला कळत होतं की पडद्यावर पहिल्यांदाच आपल्या घरातला माणूस बोलतोय. लिथुआनियात ज्याला काव्यात्म माहितीपटाची परंपरा म्हणतात, तिची सुरुवात बहुतेक जण इथून धरतात. एखाद्याला एकच फिल्म पाहायला वेळ असेल, तर मी हीच सांगते.

सोव्हिएत सेन्सॉरच्या नाकाखाली हे जमलं कसं?

थेट बोलायचंच नाही, हा त्यांचा मार्ग होता. हेन्रिकास शाब्लेव्हिच्युस यांची १९७३ ची ‘धुक्यातल्या कुरणांतून प्रवास’ पाहा. वरवर ती अरुंद रुळांवरच्या जुन्या आगगाडीची फिल्म आहे. गाडी धुक्यातून सावकाश जाते, स्टेशनं येतात, माणसं दिसतात. सेन्सॉरने आक्षेप घ्यायचा तरी कशावर? पण हाच तो काळ, जेव्हा शेतजमिनींच्या ‘सुधारणे’च्या नावाखाली एकेकटी शेतघरं पाडली जात होती, विहिरी बुजवल्या जात होत्या आणि माणसांना सामूहिक वस्त्यांमध्ये हलवलं जात होतं. अशा वेळी एका म्हाताऱ्या गाडीकडे इतक्या मायेने बघणं हेच एक विधान होतं. प्रेक्षक ते वाचत. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांमधून बाया सासरचं दुःख झाडावर, पाखरावर घालून सांगत, त्यातलाच हा प्रकार.

दुसरं कारण व्यवहाराचं. लांबीच्या कथापटावर अधिकाऱ्यांची जेवढी बारीक नजर असे, तेवढी दहा-वीस मिनिटांच्या माहितीपटावर नसे. छोट्या फिल्मेला थोडी मोकळी हवा मिळाली, आणि देशातलं फार चांगलं काम तिथेच झालं असं माझं मत आहे.

सायबेरियाचा उल्लेख सारखा येतो. तो विषय समजून घ्यायला कोणती फिल्म पाहावी?

गिएद्रे बैनोर्यूते यांची २००७ ची अर्ध्या तासाची फिल्म. तिचं नाव ‘गिवेनो सेनेलिस इर बोबुते’. अर्थ : ‘एक होते आजोबा, एक होती आजी’. लिथुआनियन लोककथा याच शब्दांनी सुरू होतात, आपल्या ‘एक आटपाट नगर होतं’सारख्या. मूल ऐकायला सावरून बसतं, आणि पुढे येते ती दिग्दर्शिकेच्या स्वतःच्या आजी-आजोबांच्या हद्दपारीची कथा. सांगण्याची पद्धत नातीची आहे, साधी, मोठ्या शब्दांपासून लांब. ॲनिमेशन आहे, कौटुंबिक फोटो आहेत.

पार्श्वभूमी अशी : १४ जून १९४१ रोजी सोव्हिएत सत्तेने पहिली मोठी हद्दपारी सुरू केली. १९४१ ते १९५२ या काळात लिथुआनियातून सुमारे १,३०,००० माणसं सायबेरिया आणि उत्तरेकडच्या भागांत पाठवली गेली. त्यांत बायका आणि मुलं फार मोठ्या संख्येने होती. हे आकडे इतिहासाच्या पुस्तकात वाचले की डोकं सुन्न होतं आणि दुसऱ्या दिवशी आपण विसरतो. बैनोर्यूतेंची फिल्म विसरता येत नाही, कारण त्यात आकडा नाही, आजी आहे. आमच्याकडे ती पाहून झाल्यावर एक काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “माझ्या आजीचं गाव धरणात गेलं. तिने कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.” हद्दपारी आणि धरण या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यांनाही ठाऊक होतं. न विचारलेला प्रश्न मात्र सारखाच होता.

याला जोडून अल्गिमान्तास मात्सैना यांची १९९४ ची ‘काळी पेटी’ पाहा. सोव्हिएत सत्ता ढासळू लागली तशी अनेक कुटुंबं सायबेरियात गेली, गोठलेल्या जमिनीतून आपल्या माणसांचे अवशेष काढून मायदेशी घेऊन आली. मात्सैनांच्या घरचाही तोच प्रवास.

लेनिनच्या पुतळ्याची एक उलटी फिल्म आहे म्हणतात, ती काय आहे?

दैमान्तास नार्केव्हिच्युस यांची ‘एकदा विसाव्या शतकात’, २००४, सुमारे आठ मिनिटं. ऑगस्ट १९९१ मध्ये विल्नियसच्या लुकिश्केस चौकातला लेनिनचा पुतळा क्रेनने उतरवला. उचलताना तो गुडघ्यांत तुटला. धड हवेत, पाय चौथऱ्यावरच. लोक टाळ्या वाजवत होते. ही दृश्यं तेव्हा जगभर दाखवली गेली.

नार्केव्हिच्युसनी तीच जुनी चित्रफीत घेऊन तिचा क्रम फिरवला. आता आपल्याला काय दिसतं? चौथऱ्यावर दोन पाय वाट पाहत उभे आहेत. हात पुढे केलेला लेनिन क्रेनला लटकत आकाशातून येतो, खाली उतरतो, पायांवर अचूक बसतो. गर्दी हात हलवते, जल्लोष करते. नवं काहीच चित्रित केलेलं नाही. ते चेहरे, तो आनंद, सगळं खरं आहे, आणि तरी पडद्यावर तीच माणसं पुतळा बसवल्याचा उत्सव करताना दिसतात.

मी ही फिल्म पहिल्यांदा पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. गर्दीत मिसळून जाण्याला आपण आपलेपण म्हणतो, आणि गर्दीचा जल्लोष दोन्हीकडे सारखाच दिसतो हे ती आठ मिनिटांत दाखवते. विद्यार्थ्यांना संकलनाची ताकद समजावून सांगायची असेल तर यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

योनास मेकास अमेरिकन की लिथुआनियन?

हा प्रश्न दर वेळी येतो. कवी आणि प्रायोगिक दिग्दर्शक मेकास १९२२ साली बिर्झाइजवळच्या सेमेनिश्केइ या खेड्यात जन्मले. १९४४ मध्ये भाऊ अदोल्फास याच्यासह देश सोडला, जर्मनीत एल्म्सहॉर्नच्या श्रमछावणीत अडकले, युद्धानंतर निर्वासितांच्या छावण्यांत राहिले आणि १९४९ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे लवकरच एक बोलेक्स कॅमेरा घेतला आणि मग मरेपर्यंत, म्हणजे जानेवारी २०१९ पर्यंत, रोजचं जगणं चित्रित करत राहिले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी १९६२ साली चित्रपट करणाऱ्यांची सहकारी संस्था उभी केली, १९७० साली अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्ह्ज हा चित्रपटांचा संग्रह. अमेरिकन प्रायोगिक सिनेमा त्यांच्याशिवाय सांगताच येत नाही. पण कविता त्यांनी लिथुआनियन भाषेतच लिहिल्या.

१९७१ मध्ये ते २७ वर्षांनी गावी गेले. त्यातून १९७२ ची ‘लिथुआनियाच्या प्रवासाच्या आठवणी’ आली. ती दीड तासाच्या आसपास आहे, लघुपट नव्हे. मधला भाग मात्र क्रमांक घातलेल्या तुकड्यांचा आहे, एकेक तुकडा म्हणजे जणू एक इवलासा लघुपट. म्हातारी आई अंगणात चूल पेटवून स्वयंपाक करते, भाऊ शेतात जमतात, गाणी होतात, बेरी खाल्ल्या जातात. कॅमेरा सतत थरथरतो, उड्या मारतो. कुणी म्हणतं, नीट धरलेला नाही. मला वाटतं, सत्तावीस वर्षांनी घरी आलेल्या माणसाची नजर एका जागी ठरत नाही, ती सगळं एकदम वेचू पाहते. २००७ मध्ये त्यांनी वर्षभर रोज एक छोटी फिल्म इंटरनेटवर टाकली, ३६५ फिल्मा. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते.

एक गोष्ट लपवू नये. २०१८ मध्ये एका अमेरिकन इतिहासकाराने, जर्मन ताब्याच्या काळात तरुण मेकास ज्या वृत्तपत्रांत काम करत त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या आठवणींतल्या मौनाबद्दल गंभीर प्रश्न उपस्थित केले. त्यावर बरीच चर्चा झाली. त्या चर्चेसह त्यांच्या फिल्मा पाहाव्यात. ओळख घडते ती आठवणींनी, तशी न सांगितलेल्या गोष्टींनीही.

या फिल्मांत कुणी बोलत का नाही?

बोलतात की, पण १९९० च्या आसपासच्या पिढीने मुद्दाम बोलणं कमी केलं. पन्नास वर्षं शब्दांचा इतका गैरवापर झाला होता की त्यांचा शब्दांवर विश्वासच उरला नव्हता. अरूनास मातेलीस यांची ‘इकारसच्या उड्डाणापूर्वीची दहा मिनिटं’ विल्नियसच्या उझुपिस भागात घडते. युद्धापूर्वी तिथे ज्यू वस्ती मोठी होती, ती माणसं मारली गेली, नंतर रिकाम्या घरांत गरीब, एकाकी, कडेला पडलेले लोक राहू लागले. मातेलीस त्यांच्यात वावरतात, निवाडा करत नाहीत. आज तोच उझुपिस कलावंतांचा भाग म्हणून प्रसिद्ध आहे. १ एप्रिल १९९७ रोजी तिथल्या रहिवाशांनी आपलं ‘प्रजासत्ताक’ जाहीर केलं. त्याची घटना अनेक भाषांत भिंतीवरच्या पाट्यांवर कोरली आहे, त्यांत संस्कृतही आहे.

औद्रियुस स्तोनीस यांची ‘आंधळ्यांची भूमी’ ही २४ मिनिटांची फिल्म १९९२ मध्ये युरोपियन फिल्म अकादमीचा सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळवून गेली. दोन वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेला देश, आणि दिग्दर्शक अजून तिशीतही पोहोचलेला नाही. पाहताना घाई करू नका. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिली पाच मिनिटं कंटाळा येईल, तो येऊ द्या.

आजचे दिग्दर्शक कशावर फिल्म करतात?

रिकाम्या होत जाणाऱ्या देशावर. स्वातंत्र्याच्या वेळी लोकसंख्या ३७ लाखांच्या आसपास होती. २००४ मध्ये देश युरोपीय संघात गेला, वाटा मोकळ्या झाल्या, तरुण मंडळी ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वेकडे गेली. २०२० पर्यंत संख्या २८ लाखांवर आली.

करोलिस कौपिनिस यांच्या २०१४ च्या ‘त्रिउक्श्मादारीस’ या लघुपटात आडगावातली एक शाळा मुलं कमी पडताहेत म्हणून बंद व्हायच्या बेतात आहे. आपल्याकडे ज्यांनी ‘पटसंख्या’ हा शब्द ऐकून धास्ती घेतली आहे, त्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना ही फिल्म वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

माझा सगळ्यात लाडका म्हणजे विताउतास कात्कुस. मूळचा छायाचित्रणकार. २०१९ चा ‘सामूहिक बागा’ कानच्या समीक्षक सप्ताहात होता, २०२० चा ‘जागा’ व्हेनिसला, २०२२ चा ‘उओगोस’ कानच्या लघुपट स्पर्धेत. ‘सामूहिक बागा’ म्हणजे काय हे आधी कळलं पाहिजे. सोव्हिएत काळात शहरी कामगारांना गावाबाहेर जमिनीचे छोटे तुकडे मिळत, साधारण सहा गुंठ्यांचे. त्यावर भाजी, सफरचंद, एक लहानशी खोली. शनिवार-रविवारी सगळं कुटुंब तिथे. आज त्यांतल्या कित्येक बागांत लोक कायमचे राहायला गेले आहेत, काही ओस पडल्या आहेत. अशा जागेत कात्कुस एक बाप आणि एक मुलगा ठेवतो, ज्यांच्यात बोलण्यासारखं फारसं उरलेलं नाही. ‘उओगोस’मध्ये निवृत्त बाप मुलाला चेरी उतरवायला बोलावतो, आणि हळूहळू ध्यानात येतं की चेरी हे निमित्त आहे. हापूसची पेटी न्यायला म्हणून मुंबईच्या मुलाला गावी बोलावणारे बाप मला माहीत आहेत. कात्कुसच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाला, ‘पाहुणा’ला, २०२५ मध्ये कार्लोवी व्हारी महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. तोही नॉर्वेहून गावी परतून आईवडिलांचा फ्लॅट विकणाऱ्या माणसाबद्दल आहे.

लौरीनास बारैशा आणि मारिया कव्तारादझे हेही लघुपटांतूनच पुढे आले.

अल्पसंख्याकांचं काय? लिथुआनियन म्हणजे फक्त लिथुआनियन बोलणारे का?

नाही. २०२१ च्या जनगणनेत साडेसहा टक्के लोक पोलिश होते, पाच टक्के रशियन. पोलिश कुटुंबांचा नावाच्या स्पेलिंगचा वाद तर वर्षानुवर्षं चालला : लिथुआनियन वर्णमालेत नसलेली तीन रोमन अक्षरं पासपोर्टवर वापरता येत नसत. ती मुभा २०२२ मध्ये मिळाली. स्वतःचं नाव स्वतःच्या अक्षरांत लिहिण्यासाठी एवढी वाट!

ओक्साना बुराया यांची २०१२ ची ‘लिझा, नमो!’ जरूर पाहा. कडेच्या वस्तीतली एक लहान मुलगी घरातून पळते, आपली वेगळी जागा शोधते. ‘नमो’ म्हणजे ‘घरी चल’. एका शब्दात हाक, धाक आणि माया. ज्या घरात पोराला थांबावंसं वाटत नाही, त्याला घर म्हणायचं का, हा प्रश्न फिल्म सोडत नाही.

ज्यू लिथुआनियाची अनुपस्थिती हा सगळ्यांत जड विषय. युद्धापूर्वी तिथे दोन लाखांहून जास्त ज्यू होते, त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक मारले गेले. मारणाऱ्यांत स्थानिक माणसंही होती. यावर अजून पुरेशा फिल्मा झालेल्या नाहीत असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

समलिंगी ओळखीवर काही आहे का?

रोमास झाबारौस्कास यांचा ‘पोर्नो मेलोड्रामा’ २०११ मध्ये बर्लिनला दाखवला गेला. तेव्हा देशात असा कायदा होता की ज्याच्या आधारे अशा विषयांना मुलांसाठी हानिकारक ठरवता येई. ते कलम घटना न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केलं. फिल्म कच्ची आहे, पण तिची हिंमत कच्ची नाही.

दिग्दर्शिकांची आडनावं इतकी वेगवेगळी का दिसतात?

आडनावाच्या शेपटावरून पूर्वी सगळं कळत असे. पुरुषाचं ‘-आस’, ‘-इस’, ‘-उस’. मुलीचं ‘-आइते’, ‘-ईते’, ‘-ऊते’. लग्न झालं की ‘-इएने’. म्हणजे आडनाव ऐकताच बाई कुणाची मुलगी की कुणाची बायको हे समजे. २००३ पासून नुसतं ‘-ए’ लावायची सोय झाली, त्यावरून लग्नाचा पत्ता लागत नाही. महाराष्ट्रात लग्नानंतर नाव-आडनाव दोन्ही बदललेल्या बायकांना यातलं मर्म पटकन कळतं.

भाषा येत नाही, मग काही हुकतं का?

थोडं हुकतं, पण इंग्रजी सबटायटल्स बहुतेकांना असतात. उलट कान देऊन ऐकलं तर मराठी माणसाला एक गंमतशीर आनंद मिळतो. ‘उग्निस’ म्हणजे अग्नी. ‘दूमास’ म्हणजे धूर, संस्कृतातला धूम. ‘साप्नास’ स्वप्न, ‘मेदुस’ मध, ‘सूनुस’ मुलगा, संस्कृतातला सूनु. ‘आश्तुओनी’ आठ, ‘देशिम्त’ दहा. यावरून ‘त्यांचे पूर्वज आपले’ वगैरे निष्कर्ष काढू नयेत. दोन्ही भाषा एकाच जुन्या कुळातल्या आहेत, आणि लिथुआनियनने जुनी रूपं फार जपली आहेत, इतकंच.

दोन शब्द मात्र शिकून ठेवा. ‘नामाइ’ म्हणजे घर, आणि तो नेहमी अनेकवचनातच येतो. ‘तेविश्के’ म्हणजे वडिलांची वास्तू, जिथे आपण वाढलो ती जागा. आपण ‘मूळ गाव’ म्हणतो त्याच्या हा शब्द सगळ्यात जवळ आहे, आणि वर सांगितलेल्या निम्म्या फिल्मा त्याच्याभोवती फिरतात.

पाहायच्या कुठे?

विल्नियसला दर जानेवारीत आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सव होतो, वसंतात ‘किनो पावासारिस’ असतो. ‘लिथुआनियन शॉर्ट्स’ ही संस्था देशातले लघुपट जगभरच्या महोत्सवांना पाठवते, कोणाला प्रदर्शन करायचं असेल तर तिला थेट ईमेल करावी. जुने माहितीपट लिथुआनियाच्या सरकारी अभिलेखागाराच्या ‘ई-किनास’ या संकेतस्थळावर शोधावेत. स्तोनीस आणि क्रिस्तीने ब्रिएदे यांनी मिळून २०१८ मध्ये बाल्टिक काव्यात्म माहितीपटांवरच एक मोठा माहितीपट केला आहे, ‘काळाचे पूल’. तो आधी पाहिला तर जुन्या फिल्मांची वाट सोपी होते.

आमच्या फिल्म सोसायटीत दाखवायच्या तर क्रम काय ठेवू?

एका बैठकीत चारपेक्षा जास्त नकोत. व्हेर्बाचा म्हातारा आधी. मग बैनोर्यूतेंची आजी-आजोबांची फिल्म, आणि त्यानंतर दहा मिनिटं मोकळी सोडा, लगेच पुढची लावू नका. मग नार्केव्हिच्युसचा लेनिन, खोली पुन्हा जागी होते. शेवटी कात्कुसच्या चेरी. दिवे लगेच लावू नका. आमच्याकडे एकदा याच क्रमाने दाखवल्या, तेव्हा ‘उओगोस’ संपल्यावर मागच्या रांगेतला एक मुलगा उठून बाहेर गेला. फिल्म आवडली नसेल असं वाटलं. चहाच्या वेळी पाहिलं तर तो जिन्यात उभा राहून फोनवर विचारत होता, “बाबा, जेवलात का?”